मालवण परिसरातील प्रेक्षणीय स्थळे

मालवणजवळची (जि. सिंधुदुर्ग) बहुतेक ठिकाणे पाण्यात किंवा पाण्याकाठी असल्याने ती कधी पाहावीत हे भरती-ओहोटी ठरवते. कोकणातला जुना हिशेब असा : तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचे. पूर्ण सुकती (ओहोटी) त्यानंतर साधारण सहा तासांनी. थोडा फरक पडतो, पण बेत आखायला एवढे पुरते.

कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये बांधायला घेतला. महादरवाजा बुरुजांच्या वळणात असा दडवला आहे की होडी जवळ आल्याशिवाय दिसत नाही. मालवण जेटीवरून नेणारे होडीवाले सहसा तासाभराने परत बोलावतात. ४८ एकरांचा किल्ला तेवढ्यात होत नाही. म्हणून आधी शिवराजेश्वर मंदिर, मग दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी पाहाव्यात आणि वेळ उरला तर तटावर चढावे. जास्त वेळ हवा असल्यास निघण्यापूर्वीच ठरवून घ्यावे.

दांडी किनाऱ्यासमोरचा पद्मगड सहसा वगळला जातो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाचच्या सुमारास पाणी पुरेसे उतरले, तर तेथे चालत जाता येते. खडकांवर शेवाळ असते आणि कालवांच्या कडा तळपाय कापतात. साध्या सपातांऐवजी पट्ट्याची चप्पल घालावी. पाणी चढू लागताच परतावे, फोटोसाठी रेंगाळू नये.

स्नॉर्केलिंगला मात्र अमावास्या-पौर्णिमेचे, म्हणजे उधाणाचे (मोठ्या भरतीचे) दिवस वाईट, कारण गाळ ढवळून पाणी गढूळ होते. हिवाळ्यात, अष्टमीच्या आगेमागे भांगाच्या (लहान) भरतीत तळ चांगला दिसतो. हा भाग १९८७ मध्ये घोषित झालेल्या सागरी अभयारण्यात येतो. प्रवाळावर पाय टेकवला की तो मोडतो.

तारकर्लीच्या दक्षिणेला देवबागची चिंचोळी पट्टी कर्ली नदी आणि समुद्र यांमधून संगमापर्यंत जाते. संगमावर पोहू नये : सुकतीत नदीचा लोंढा माणसाला बाहेर ओढतो. ‘त्सुनामी आयलंड’ हे नाव भारी असले तरी तो खाडीतला वाळूचा पट्टा आहे. भरतीत तो पाण्याखाली जातो, तेव्हा होडीचे पैसे वाया.

मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत किल्ल्याच्या होड्या आणि जलक्रीडा साधारणपणे बंद असतात. त्या दिवसांत १५३० मध्ये बांधलेला धामापूरचा तलाव आणि काठचे भगवती मंदिर पाहावे. ते मालवण-कुडाळ रस्त्यावरच आहे.