पाण्याची पाळी लावायची कोणी?

धरण भरलेलं असतानाही टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याचं रान कोरडं का राहतं, याचं उत्तर बहुतेक वेळा चारीवर, म्हणजे कालव्यातून शेतांकडे पाणी नेणाऱ्या छोट्या पाटावर, सापडतं. तिथे पाळी कोण लावतं आणि पाणी मोजतं कोण, यावर सगळं ठरतं.

धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर तीन-चारशे वर्षं हे काम गावच करत आलं. नदीला दगडी बंधारा, तिथून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड, म्हणजे मोठे तुकडे. एका फडात एकच पीक. यंदा उसाचा फड, तर पुढच्या वर्षी तिथे दुसरं पीक. बहुतेकांची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी असे. त्यामुळे नदी आटली आणि एखादा फड पडीक ठेवावा लागला, तरी झळ सगळ्यांना सारखी बसे. शेतकऱ्याने स्वतः दारं धरायचं, म्हणजे पाणी आपल्या शेतात वळवायचं, नाही. सगळा फड पाटकरी भिजवणार आणि जागल्या राखणार. मला या पद्धतीतलं सर्वांत मोठं शहाणपण इथेच दिसतं.

इंग्रजांनी मोठे कालवे काढले, १८७९ साली मुंबई पाटबंधारे कायदा आला आणि कालव्यांवर सरकारी अंमल बसला. पुढे सात नंबरचा अर्ज (पाणी मागण्याचा), शेजपाळी (ठरलेल्या क्रमाने पाणी), आवर्तन (कालव्याला पाणी सोडण्याची फेरी) हे शब्द रुळले. आकारणी मात्र पीक आणि क्षेत्रावर होत राहिली. एकरामागे पैसे भरले की पाणी कितीही घ्या! मग हेडचा, म्हणजे कालव्याच्या सुरुवातीचा, शेतकरी हात आखडता का घेईल? वरच्या अंगाला धरणं झाली तसे फडांचे पाटही रोडावले.

१९९०च्या सुमारास नाशिकजवळच्या ओझरला बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने वाघाड धरणाच्या टेलच्या शेतकऱ्यांना एकत्र आणलं. आधी तीन पाणी वापर संस्था झाल्या, पुढे त्या २४ झाल्या. पाणी मोजून घ्यायचं आणि संस्थेने वाटायचं असं ठरलं. ओझरकरांनी कालव्याचं पाणी नाल्यांवरच्या बंधाऱ्यांत सोडून विहिरींत जिरवलं आणि ठिबकवर द्राक्षबागा वाढवल्या.

२००५ साली सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे सोपवणारा कायदा राज्यात झाला. त्यात संस्थेला पाण्याचा कोटा मिळतो, आकारणी घनमापनाने, म्हणजे मोजलेल्या पाण्यावर, होते आणि पीक कोणतं घ्यायचं ते शेतकरी ठरवतो. हे सगळं चारीच्या तोंडाशी असलेल्या प्रवाहमापकावर उभं आहे. त्याची पट्टी वाचता येईनाशी झाली, की हिशेब पुन्हा एकरावर येतो.