सँग्विन म्हणजे रक्तरंजित नव्हे हो!

परवा एका स्पर्धा परीक्षेच्या इंग्रजी शब्दयादीत 'सँग्विन : रक्तरंजित, क्रूर' असं छापलेलं दिसलं आणि पोरं तेच घोकत बसलेली, बघून जीव तुटला. हा घोळ मी गेली कित्येक वर्षं बघतोय. तो अर्थ सँग्विनरीचा आहे!

सँग्विनरीवर वेळ घालवायला नको. रक्ताचे पाट वाहिले अशी लढाई, ऊठसूट फाशी देणारा कायदा, ते सँग्विनरी. मूळ लॅटिन सँग्विस, म्हणजे रक्त. झालं.

फसवतो तो सँग्विन. मूळ तेच, पण अर्थ आशावादी, पुढे सगळं नीटच होईल असा भरवसा असलेला. 'आय ॲम नॉट सँग्विन अबाउट द मॉन्सून' म्हणजे यंदाच्या पावसाचं मला काही खरं वाटत नाही, बस, यात रक्ताचा थेंब नाही.

मग रक्तातून आशा आली कुठून? आपण जसं कफ प्रकृती, पित्त प्रकृती म्हणतो ना, तसं जुन्या ग्रीक वैद्यकात शरीरात चार द्रव मानायचे, रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त, आणि ज्याचा जोर जास्त तसा माणसाचा स्वभाव. आपल्या वात-पित्त-कफात रक्त नाही, ते सात धातूंपैकी एक, त्यामुळे 'रक्त प्रकृतीचा माणूस' हे आपल्या डोक्यातच येत नाही आणि माझ्या मते गाडी इथेच घसरते. ग्रीकांच्या हिशोबाने रक्त उष्ण आणि ओलं, ते भरपूर असलेला माणूस गालांनी लाल, खाण्यापिण्याचा शौकीन, हसतमुख. चौदाव्या शतकातल्या इंग्रज कवी चॉसरचा फ्रँकलिन, म्हणजे जमीनदार, बघा, पांढरीशुभ्र दाढी, सकाळी सकाळी वाइनमध्ये बुडवलेला पाव, घरात खाण्यापिण्याचा नुसता बर्फ पडायचा म्हणे, आणि त्याचं 'कॉम्प्लेक्शन' सँग्विन असं चॉसर स्पष्ट लिहितो. (तेव्हा कॉम्प्लेक्शन म्हणजे प्रकृती, नुसता चेहऱ्याचा रंग नाही.) पुढे ते वैद्यक मागे पडलं, शब्द राहिला. मेलँकलिक (काळं पित्त), फ्लेग्मॅटिक (कफ), कॉलेरिक (पिवळं पित्त) ही त्याचीच भावंडं.

मराठीतही दोन्ही रक्तं आहेतच की, 'तरुण रक्त आहे, सळसळणारच' हे एक आणि 'रक्तपात' हे दुसरं. अंगात खेळतंय तोवर सँग्विन, जमिनीवर सांडलं की सँग्विनरी, मी मुलांना असंच सांगतो. जखमेच्या रिपोर्टमधलं सँग्विनिअस म्हणजे फक्त रक्तयुक्त, ते डॉक्टरांवर सोडा.

अजून एक, सँग्विनचा अर्थ 'शांत' असा करणारेही भेटतात, तेही चूक. त्यांच्या मनात फ्रेंच 'सांफ्र्वा' असतं, शब्दशः थंड रक्त. ऑपरेशन करताना अचानक रक्तस्राव झाला तरी हात न थरथरणारा सर्जन, ते सांफ्र्वा. आदल्या रात्री नातेवाइकांना 'काळजी करू नका, आठवड्यात चालायला लागतील' असं मनापासून म्हणणारा, तो सँग्विन.