एक डॉलर दंड, एक डॉलर पैज

बेसबॉलचं जन्मगाव कोणतं, तर न्यूयॉर्क राज्याच्या ऑट्सेगो काउंटीतलं कूपरस्टाउन, असं अमेरिकेतल्या पोरासोरांनाही वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. १८३९मध्ये अॅबनर डबलडे या पुढे लष्करी अधिकारी झालेल्या माणसाने तिथे हा खेळ शोधून काढला, असा निर्वाळा एका आयोगाने १९०७च्या अखेरीस दिला होता. आधार काय, तर ग्रेव्ह्ज नावाच्या एका खाण-अभियंत्याच्या उतारवयातल्या आठवणी. १८३९मध्ये हे गृहस्थ जेमतेम पाच वर्षांचे होते आणि डबलडे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकत होता!

जुनी वर्तमानपत्रं चाळली तर वेगळंच दिसतं. जून १८१६मध्ये कूपरस्टाउनच्या गावकारभाऱ्यांनी फर्मान काढलं: सेकंड आणि वेस्ट स्ट्रीटवर कुणी चेंडू खेळू नये, खेळल्यास दर खेपेला एक डॉलर दंड. कुठला चेंडूखेळ, ते त्यात लिहिलेलं नाही. पण असली फर्मानं का निघतात, हे गल्लीत काचा फोडलेल्यांना कळेल.

शेजारची डेलावेअर काउंटी अधिक स्पष्ट बोलते. तिथल्या डेल्ही गावाच्या (स्थानिक उच्चार ‘डेल-हाय’) ‘गॅझेट’मध्ये जुलै १८२५मध्ये एक आव्हान छापून आलं. हॅम्डेन हे गाव त्याच वर्षी वेगळं झालेलं. तिथल्या नऊ जणांनी काउंटीतल्या कुठल्याही गावाला ललकारलं होतं: तेवढेच गडी घेऊन या, ‘बास-बॉल’ (म्हणजे बेसबॉलच) खेळू, दर डावाला माणशी एक डॉलर. नवातला एक जण नुकताच डेल्हीला राहायला गेला होता, तेही प्रामाणिकपणे नमूद केलेलं. खेळ कसा खेळतात, याचा मात्र एक शब्द नाही. वाचणाऱ्यांना तो ठाऊकच होता.

नियम गावोगाव निराळे. पळणाऱ्याला चेंडू फेकून मारला की तो बाद, हा प्रकार बऱ्याच ठिकाणी होता. आपल्या आबाधुबीची आठवण यावी असा. न्यूयॉर्क शहरातल्या निकरबॉकर क्लबने १८४५मध्ये नियम लिहून काढले, त्यांत ही चेंडूमार बंद झाली. पुढे तेच वळण सगळीकडे रुजलं.

कूपरस्टाउनची आख्यायिका तरीही टिकली. १९३४-३५च्या सुमारास जवळच्या एका शेतघरातल्या पेटीत फाटका चेंडू सापडला. गावातल्या स्टीफन क्लार्क या धनिकाने तो पाच डॉलरला घेतला आणि त्यातूनच १९३९मध्ये बेसबॉलचं संग्रहालय उभं राहिलं. ते आहे मेन स्ट्रीटवर. सेकंड स्ट्रीटचंच हे आजचं नाव.