थिबा राजाची माणकं आणि खडे ओळखणारी माणसं

रत्नागिरीत थिबा पॅलेस बघायला पाव्हणे आले की ब्रह्मदेशच्या या शेवटच्या राजाची गोष्ट सगळेच सांगतात, त्याच्या माणकांबद्दल मात्र फारसं कोणी बोलत नाही. १८८५ मध्ये इंग्रजांनी त्याची राजधानी मंडाले घेतलं, त्या गडबडीत न्गा मौक नावाचं राजघराण्याचं मोठं माणिक गेलं ते गेलंच, आणि १८८६ मध्ये राजाला इथे आणून ठेवलं. पेन्शन पुरेना म्हणून सोबतचे खडे-दागिने विकत विकत त्याने १९१६ पर्यंत दिवस काढले.

आता गंमत बघा, राजा इथे खडे विकत होता त्याच काळात, १९०२ मध्ये, पॅरिसच्या व्हर्नोय नावाच्या केमिस्टने ॲल्युमिनाची (ॲल्युमिनियम ऑक्साइडची) पावडर ज्वाळेत वितळवून माणिक बनवायची पद्धत जाहीर केली. काच नव्हे हं, खरंखुरं कोरंडम, म्हणजे माणिक ज्याचं असतं तेच खनिज, लाल रंगही खाणीतल्या माणकासारखाच क्रोमियमचा! सराफ हादरणारच. ब्रिटनमध्ये १९०८ पासून सोनारांच्या संघटनेने रत्नपरीक्षेचं रीतसर शिक्षण सुरू केलं, अमेरिकेत शिप्लीने १९३१ मध्ये जीआयए ही रत्नशास्त्र शिकवणारी संस्था काढली. त्याआधी नुसत्या नजरेवर किती फसगत व्हायची ते ब्रिटिश राजमुकुटातच दिसतं, तिथलं ‘ब्लॅक प्रिन्सचं माणिक’ मुळात स्पिनेल, म्हणजे माणकासारखंच दिसणारं दुसरं खनिज आहे, आणि हे दोन खडे वेगळे असं १७८३ मध्ये रोमे द लील या फ्रेंच माणसाने स्पष्ट मांडलं.

व्हर्नोयचा खडा पकडायचा कसा? दहापट भिंगाखाली किंवा मायक्रोस्कोपखाली आत वाकड्या रेषा आणि हवेचे बुडबुडे दिसतात, खाणीतल्यात वाढीच्या रेषा सरळ, कोनात. ब्रह्मदेशातल्या मोगोकच्या माणकात रुटाइल या खनिजाच्या बारीक सुया एकमेकींना साठ अंशांत छेदतात, त्याला धंद्यात सिल्क म्हणतात. स्वित्झर्लंडच्या ग्युबेलिन या रत्नतज्ज्ञाने तर खड्यांच्या पोटातल्या असल्या खुणांचा अभ्यास करण्यात जन्म घालवला, म्हणजे गिऱ्हाईक ज्याला डाग म्हणून नाक मुरडतं तोच तज्ज्ञाचा पुरावा.

पण खूप तापवलं की सिल्क विरघळतं, सुयांचे तुटक ठिपके होतात, रंग खुलतो. थायलंडमध्ये हा मोठा धंदा आहे आणि नीट सांगून विकलं तर त्यात गैर काही नाही. डोकेदुखी आहे ती २००४ च्या आसपास बाजारात आलेल्या शिसं मिसळलेली काच भरलेल्या माणकांची, भेगांत काच गेली की फालतू खडा झकास दिसतो, भिंगाखाली मात्र निळसर चमक मारतो. असली अंगठी चुकूनही लिंबाने घासू नका, काच खराब होते आणि भेगा उघड्या पडतात. म्हणून बिलावर नुसतं ‘नॅचरल’ लिहून घेऊन भागत नाही, तापवलंय का आणि काच भरलीय का, दोन्ही वेगवेगळं विचारायचं.