आत्महत्या प्रतिबंधातील हस्तक्षेप कौशल्ये (सोलापूर)

जीव देण्याचा विचार करणारी व्यक्ती ओळखणे, तिच्याशी त्याबद्दल थेट बोलणे आणि उपचार मिळेपर्यंत तिला एकटे न सोडणे, ही कौशल्ये डॉक्टरांइतकीच आशा सेविका, अंगणवाडी सेविका, शिक्षक, पोलीस पाटील यांनाही शिकता येतात. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. राज्यांत महाराष्ट्र पहिला होता.

सगळ्यात अवघड असते ते विचारणे. ‘विषय काढला तर उलट डोक्यात भरेल’ ही भीती शिकलेल्यांतही आहे, पण अभ्यासांतून तिला आधार मिळालेला नाही. ‘तसलं काही मनात नाही ना?’ असे विचारले की समोरचा ‘नाही’ म्हणून मोकळा होतो. त्याऐवजी ‘एवढा त्रास होतोय, तर जीव द्यावा असं मनात येतं का?’ असे सरळ विचारावे. उत्तर ‘हो’ आले, तर काही ठरवले आहे का, साधन हाताशी आहे का, हेही विचारावे लागते. ‘पोरांकडे बघून तरी’ हे वाक्य मात्र गिळावे. त्याने अपराधीपणा वाढतो.

सोलापुरात हा प्रश्न कोणत्या भाषेत विचारायचा, हेही बघावे लागते. पूर्व भागातील विडी व यंत्रमाग कामगारांच्या अनेक घरांत तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, काही वस्त्यांत दखनी बोलली जाते. दुःख माणूस घरच्या बोलीत सांगतो. त्यात एका खोलीचे घर, सासू शेजारीच विड्या वळत बसलेली. अशा वेळी ‘जरा बाहेर या, फॉर्म भरायचाय’ म्हणून बाजूला नेणारी आशाताई अर्धे काम तिथेच करते. सांगोला, मंगळवेढ्याकडील शेतवस्त्यांवर कीटकनाशकाचा डबा घरातून हलवून कुलपात किंवा शेजाऱ्याकडे ठेवायला लावणे, हा सर्वांत परिणामकारक उपायांपैकी एक.

प्रयत्न फसला की घरचे ‘चुकून प्यायली’ सांगतात, कारण पोलीस केसची धास्ती. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षा होत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारे, दंड संहितेतले जुने कलम ३०९ उरलेले नाही. कार्यकर्त्याने हे घरच्यांना समजावावे. गंभीर रुग्णाला शासकीय सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे ‘सिव्हिल’ला, न्यावे, बोलण्यासाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक २०२२ पासून चालू आहे. घरी सोडल्यानंतरचे काही आठवडे सर्वाधिक जोखमीचे असल्याने त्या काळात गृहभेटी आणि फोन चुकवू नयेत.