आतड्यातले जंतू आणि कॅन्सर: संशय जुना, पुरावा अलीकडचा

पुण्यातल्या मेडिकलवाल्यांकडे ‘इम्युनिटीसाठी’ प्रोबायोटिक, म्हणजे उपयोगी जिवंत जंतूंच्या, कॅप्सूल सर्रास मिळतात. या कॅप्सूलमागचं शास्त्र मात्र बरंच गुंतागुंतीचं आहे, आणि कॅन्सरच्या बाबतीत तर त्याची सुरुवातच उलटी झाली.

१८९१मध्ये न्यूयॉर्कचे सर्जन विल्यम कोली यांनी कॅन्सरच्या गाठी असलेल्या रुग्णांना मुद्दाम स्ट्रेप्टोकोकस हे रोगजंतू टोचले. संसर्गाने खवळलेलं शरीर गाठीवरही तुटून पडेल, हा त्यांचा होरा. काही गाठी विरघळल्या, काही रुग्ण दगावले. पुढे रेडिएशन आलं आणि कोली मागे पडले.

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये जंतू आधी संशयित म्हणूनच समोर आले. स्ट्रेप्टोकोकस बोव्हिस या जंतूशी त्याचा संबंध १९७७पर्यंत स्पष्ट झाला होता. रक्तात हा जंतू सापडला तर डॉक्टर आजही कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) करायला सांगतात. पण जंतू तिथे नेमकं करतात काय?

२००६मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवलं की मोठ्या आतड्यातल्या गाठीत टी-पेशी, म्हणजे कॅन्सरच्या पेशींना मारू शकणाऱ्या प्रतिकारपेशी, किती आणि कुठे शिरल्यात, यावरून रुग्णाचं पुढे काय होईल याचा अंदाज कॅन्सर किती पसरलाय हे सांगणाऱ्या स्टेजपेक्षाही चांगला बांधता येतो. मग या पेशींना अडवतं कोण? २०११मध्ये कॅनडा आणि अमेरिकेतल्या दोन गटांना या गाठींत फ्युसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम हा जंतू भरपूर सापडला. हा मूळचा तोंडातला रहिवासी, दातांवरच्या थरात राहणारा. २०१५मध्ये जेरुसलेमच्या गटाने त्याची खेळी उघड केली: त्याच्या अंगावरचं फॅप-२ हे प्रथिन टी-पेशी आणि एनके पेशींवरच्या (याही मारेकरी प्रतिकारपेशीच) ‘टिजिट’ नावाच्या ब्रेकवर जाऊन बसतं. मारायला आलेली पेशी जागीच थंडावते.

त्याच वर्षी उंदरांवरच्या प्रयोगांत, तेही त्वचेच्या कॅन्सरमध्ये, बिफिडोबॅक्टेरियम या आतड्यातल्या जंतूने इम्युनोथेरपीला, म्हणजे प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरवर सोडणाऱ्या उपचाराला, हातभार लावल्याचं दिसलं. २०१७मध्ये मेट्रोनिडॅझोलने, म्हणजे जुलाबावर आपल्याकडे हमखास लिहून दिल्या जाणाऱ्या गोळीतल्या औषधाने, फ्युसोबॅक्टेरियम असलेल्या गाठींची उंदरांमधली वाढ मंदावली. यावरून कुणी स्वतःच्या मनाने गोळ्या सुरू करू नयेत. अँटिबायोटिक उपयोगी जंतूंनाही मारतं.

यातलं बहुतेक काम परदेशी रुग्णांवर किंवा उंदरांवर झालंय. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या संशोधकांनी २०१६मध्ये भारतीयांच्या आतड्यात प्रिव्होटेला आणि मेगास्फेरा हे जंतू जास्त असल्याचं नोंदवलं. जंतूंची वस्तीच वेगळी असेल, तर टी-पेशींना मिळणारे इशारेही वेगळे असू शकतात. ते इथल्याच रुग्णांच्या गाठींत तपासावं लागेल.