तुमचा लेख शेवटपर्यंत वाचला जावा म्हणून
(संपादनासाठी लेख पाठवण्यापूर्वी कृपया वाचावे)

शुद्धलेखन, विरामचिन्हं, वाक्यरचना ही आमची कामं. त्यांची चिंता करू नका. पण लेख वाचावासा वाटणार की नाही, हे बरंचसं तो आमच्या हाती येण्याआधीच ठरलेलं असतं.

बहुतेक लेख वाचकाला पहिल्या परिच्छेदातच गमावतात. ‘आजच्या धावपळीच्या युगात अमुक गोष्टीला अनन्यसाधारण महत्त्व आहे’ हे वाक्य कुठल्याही विषयाला चालतं. कच्चा खर्डा झाला की पहिला परिच्छेद हाताने झाका आणि दुसऱ्यापासून वाचून पाहा. काही अडलं नाही, तर पहिला काढून टाका.

दुसरी अडचण जाणकारांची, आणि आमच्या मते हीच सर्वांत मोठी. १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी एक प्रयोग केला. एकाने प्रसिद्ध गाण्याची चाल मनात धरून टेबलावर बोटांनी वाजवायची, दुसऱ्याने गाणं ओळखायचं. निम्मी गाणी तरी ओळखली जातील, असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली! वाजवणाऱ्याच्या मनात अख्खं गाणं चालू असतं, ऐकणाऱ्याच्या कानावर नुसती टकटक पडते. विषय मुरलेला माणूस लिहितो तेव्हा नेमकं हेच होतं: मधल्या पायऱ्या गळतात आणि त्या गळल्याचं त्याला कळतही नाही. म्हणून विषयाशी संबंध नसलेल्या एखाद्याला लेख तुमच्यासमोर मोठ्याने वाचायला सांगा. तो अडखळेल तिथे खूण करा. तोंडी समजावून सांगण्याचा मोह मात्र आवरा; जे सांगावंसं वाटलं तेच लेखात लिहा.

तपशील नेमका द्या. ‘कुंडीतल्या झाडाला योग्य प्रमाणात पाणी घालावे’ हे वाचून कुणाला काय करायचं ते कळत नाही. ‘बोट दोन पेरं मातीत खुपसा, ओल लागली तर आज पाणी घालू नका’ हे वाचणारा लगेच कुंडीपाशी जाईल. लेखात ‘योग्य’, ‘पुरेसे’, ‘विविध’, ‘महत्त्वाचे’ हे शब्द दिसले की तिथे थांबा. बहुधा त्यांच्यामागे सांगायची राहून गेलेली गोष्ट असते.

पडद्यावर वाचणारा घाईत असतो. लोक संकेतस्थळं कशी वापरतात याचा अभ्यास करणाऱ्या याकोब नीलसन यांच्या १९९७ च्या पाहणीत ७९ टक्के लोकांनी नव्या पानावरून फक्त नजर फिरवली. शब्दन्‌शब्द वाचणारे १६ टक्केच होते. तेव्हा उपशीर्षकातूनच काहीतरी सांगा: ‘पाणी’ऐवजी ‘पाणी कधी घालू नये’. शीर्षकही असंच, पण लेखात जे नाही त्याचं आश्वासन त्यात देऊ नका. फसलेला वाचक पुन्हा येत नाही.

लेखासोबत आम्हाला एक ओळ लिहून पाठवा: हा लेख कोण वाचणार आणि त्याच्या मनात कोणता प्रश्न आहे? ‘सगळ्यांसाठी’ असं उत्तर आलं, तर आम्ही फोन करून पुन्हा विचारू, कारण काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे त्याच उत्तरावर ठरतं.

तुमच्या बोलीतले शब्द आम्ही परस्पर बदलत नाही. शंका असेल तर समासात विचारतो. अख्खा परिच्छेद गाळावासा वाटला, तर कारण लिहून तुमच्या होकाराची वाट पाहतो.